यादीत नाव नाही, म्हणून चवथीला घरी जायचं नाही?

एका मुलाचं पत्र आलंय, लांब होतं, थोडक्यात सांगतो. वय २६, बीकॉम, गाव गोव्यात साखळीजवळ, सध्या फोंड्यात खोली घेऊन कुंडईच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर काम. सरकारी नोकरीची परीक्षा तीनदा दिली, तिन्ही वेळा यादीत नाव नाही. बाबांचा खाणीवरचा ट्रक उभा राहिला तेव्हापासून घरचे सगळे याच्याकडे डोळे लावून बसलेत. मागच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, शिफ्ट आहे म्हणून खोटं सांगितलं आणि घरी गेलाच नाही. मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघितले की दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा वाईट. शेवटी विचारलंय, अपयशाकडे पॉझिटिव्ह बघायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

मी फोंड्यातच समुपदेशनाचं काम करतो, २२ वर्षं झाली, आधी शाळांमधून फिरत होतो, आता एक छोटी खोली आहे बाजाराच्या मागे. तुला तू म्हणतो, राग मानू नको, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे.

पहिलं म्हणजे ते व्हिडिओ बंद कर. चिडून सांगत नाहीय, त्यांनी तुला तिसऱ्या दिवशी वाईट का वाटतं त्याला कारण आहे. त्यात जो माणूस दहा वेळा पडून अकराव्यांदा उठला त्याचीच गोष्ट असते, अकराव्यांदाही पडला त्याचा व्हिडिओ कोण काढणार आणि बघणार कोण. त्यामुळे तुला वाटायला लागतं की उठणारे सगळे उठतात, मीच एकटा राहिलो. आणि दुसरं, तुला वाईट वाटतंय ते बरोबरच वाटतंय रे, वर्षभर अभ्यास केलास, कंपनीतून दमून येऊन रात्री बारापर्यंत बसलास आणि यादीत नाव नाही, तर वाईट वाटणारच. त्यावर लगेच हसरा स्टिकर लावायचा म्हणजे ताज्या जखमेवर पँट चढवून फुटबॉल खेळायला जायचं.

माझ्या धंद्यात पॉझिटिव्ह हा शब्द मी फारसा वापरतच नाही. लोक विचारतात तेव्हा मी म्हणतो, झालंय तेवढंच दिसायला लागलं तरी पुष्कळ झालं. अपयश आलं की ते फुगतं, चार मार्कांचं अपयश अख्ख्या माणसाचं होतं, पुढच्या तीस वर्षांचं होतं, घरातल्या चार माणसांचं होतं. ते परत चार मार्कांवर आणायचं, बाकीचं काम सोपं नसलं तरी करण्यासारखं राहतं.

तुझ्या बाबतीत सुरुवात भाषेपासूनच करू. तू लिहिलंस 'तीनदा नापास झालो'. नापास कुठे झालास? बारावीची परीक्षा असती तर गोष्ट वेगळी, तिथे ठरलेले मार्क पडले की सगळे पास होऊ शकतात. ही निवडीची परीक्षा आहे, जागा वीस असतील तर एकविसावा कितीही हुशार असो, तो बाहेरच. त्याला नापास म्हणत नाहीत, निवड झाली नाही म्हणतात. तुला वाटेल मास्तर शब्दांचा खेळ करतोय, पण 'नापास' म्हटलं की डोकं आपल्यात खोट शोधायला लागतं आणि 'निवड झाली नाही' म्हटलं की विचारतं, किती मार्कांनी? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कधीच संपत नाही, दुसऱ्याचं एक आकडा असतो.

आता बाबांचा ट्रक. हा विषय तू एका ओळीत उरकलास पण माझ्या मते तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इकडचे किती ट्रकवाले माझ्याकडे आले, म्हणजे स्वतःहून कोणी येत नव्हता, बायका घेऊन यायच्या, झोप नाही, पिणं वाढलंय म्हणून. मध्ये खाणी थोड्या सुरू झाल्या, जरा श्वास घेतला, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि मार्चपासून परत सगळं ठप्प. आता तूच सांग, ट्रक दारात उभा राहिला ह्यात ट्रकवाल्याचं काय चुकलं? कर्ज काढून गाडी घेतली ती वाडीवर सगळेच घेत होते म्हणून. तरी जो येईल तो हेच म्हणायचा, मला जमलं नाही, मी पोरांना काही देऊ शकलो नाही. जे अपयश त्याचं नव्हतंच ते तो अंगाला लावून बसलेला. आणि मला वाटतं तू ते बाबांकडून शिकलास, न बोलता, नुसतं बघून. बाबा इतकी वर्षं गप्प आहेत तसाच तू खोलीत गप्प आहेस.

वाईट घडलं की माणूस मनातल्या मनात त्याचं कारण ठरवून टाकतो, आणि त्यात तीन ठिकाणी घसरतो, हे सेलिग्मन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडलंय: माझ्यामुळेच झालं, कायम असंच होणार, सगळीकडेच असं होणार. तुझं पत्र काढून बघ. 'माझ्यातच दम नाही' आहे, 'माझं कधीच होणार नाही' आहे, 'मी कशातच चांगला नाही' पण आहे. तिन्ही हजर.

ह्याच सेलिग्मनचा जुना प्रयोग आहे, १९६७ चा, मायर नावाच्या जोडीदाराबरोबर केलेला. कुत्र्यांना विजेचे झटके द्यायचे जे त्यांना काही केल्या थांबवता येत नाहीत, आणि नंतर अशा पेटीत ठेवायचं जिथे बुटकी फळी ओलांडली की सुटका. बरीचशी कुत्री फळी ओलांडायचीच नाहीत, तिथेच पडून राहायची. (आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही आणि बरंच आहे.) त्यावरून सांगितलं गेलं की प्राणी हतबलता शिकतो, सगळ्या पुस्तकांत तेच छापलं, मी पण शाळांतून वर्षानुवर्षं तेच शिकवलं. आणि मग २०१६ मध्ये ह्याच दोघांनी लिहिलं की आमचं उलटं झालं होतं. त्रास लांबला की गळून पडणं हे मेंदूचं मुळातलंच वागणं आहे, ते शिकावं लागत नाही. शिकावं लागतं ते हे की माझ्या हातात काहीतरी आहे.

पन्नास वर्षांनी स्वतःचंच गाजलेलं म्हणणं उलटं होतं असं लिहायचं, ह्याला मी तर सलाम करतो. पण तुझ्या कामाची गोष्ट अशी की तू खोलीत पडून राहतोस, फोन उचलत नाहीस, ह्यात तुझा स्वभाव बिघडलाय असं काही नाही, मेंदू त्याच्या जुन्या सवयीवर गेलाय. त्याला परत दाखवावं लागेल की इथे बटण दाबलं की तिथे दिवा लागतो. आणि ते मोठ्या गोष्टीने होत नाही, म्हणजे 'चौथ्यांदा देतो आणि टॉप करतो' ह्याने तर अजिबातच नाही, कारण त्या बटणाचा दिवा लागायला वर्ष जातं आणि लागेल याची खात्री नाही. छोटं पाहिजे, आजच्या आज दिसणारं.

हे मी हवेत बोलत नाहीय, आपल्या गोव्यातच झालेलं काम आहे. संगाथ ही संस्था आपल्याकडची, त्यांनी इथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत जवळजवळ पाचशे जणांवर अभ्यास केला, तीव्र डिप्रेशन असलेले लोक, आणि त्यांच्याशी बोलायला डॉक्टर नाहीत की सायकॉलॉजिस्ट नाहीत, ट्रेनिंग दिलेली साधी माणसं. २०१७ मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं ते. बऱ्याच लोकांना फरक पडला. त्या पद्धतीचा गाभा सांगायचा तर एवढाच की मूड यायची वाट बघू नको, आधी काहीतरी कर, मूड मागून येतो. कुठली कामं केली की बरं वाटतं ते बघायचं, वेळ ठरवून ती करायची, अडलं तर का अडलं ते बघायचं. तुला डिप्रेशन आहे असं मी म्हणत नाही, बघितल्याशिवाय म्हणणारच नाही. पण रस्ता तोच चालतो. सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पों पों ऐकू आली की उठायचं, खाली उतरून पाव घ्यायचे, चहा करायचा. आठवड्यातून दोन दिवस मैदानावर, खेळता येत नसेल तर बॉल आणून द्यायला जा. आठ दिवस कर आणि मग मला सांग मास्तर बोगस आहे.

अभ्यासाचं आता. अपयशातून शिकायचं असतं असं सगळे म्हणतात ना, प्रत्यक्षात माणूस अपयशातून फार कमी शिकतो. शिकागोच्या दोन संशोधक बायकांनी २०१९ मध्ये दाखवलंय की चुकलं असं कळल्यावर लोक तिकडे बघायचंच बंद करतात, कारण स्वतःबद्दल वाईट वाटतं, आणि न बघता शिकणार कसं? तेच दुसऱ्याचं चुकलेलं असलं तर मात्र नीट शिकतात. म्हणून मी एक युक्ती वापरतो, स्वतःचा पेपर दुसऱ्याचा आहे असं समजून तपासायचा.

एक मुलगी यायची माझ्याकडे (ओळखू येईल असं सगळं बदललंय), तुझ्यासारखीच परीक्षा, दोनदा राहिलेली. आल्या आल्या म्हणाली, सर माझं गणित कच्चं आहे, लहानपणापासून कच्चं, घरात सगळ्यांचंच. मी म्हटलं मॉक टेस्ट किती दिल्यास, म्हणाली सहा. मार्क लिहून ठेवलेत? नाही, बघवत नाहीत. बरं म्हटलं, आपण बघूया, तुझे नाही, समज माझ्या भाचीचे आहेत. वही काढली, शंभर पानी, निळं कव्हर, प्रत्येक टेस्टला एक पान. डावीकडे विषय, मग किती सोडवले, किती बरोबर, किती चुकले, किती हातच लावला नाही, आणि शेवटी घड्याळात कितीला कुठे होती, जेवढं आठवेल तेवढं. दोन बैठका गेल्या त्यात. आणि काय निघालं? सोडवलेल्या गणितांतली निम्म्याहून जास्त बरोबर होती! पण पहिलं अडलेलं गणित ती सोडतच नव्हती, आठ आठ मिनिटं एकाच गणिताला, आणि शेवटची वीसेक प्रश्नं, जनरल नॉलेज, गोव्याची माहिती, कोंकणी, जी तिला झोपेत आली असती, ती कोरी. सहाच्या सहा टेस्टमध्ये. तिचं गणित कच्चं नव्हतं, तिला सोडता येत नव्हतं. पुढचा महिना आम्ही गणित केलंच नाही, नुसतं सोडून पुढे जायची प्रॅक्टिस, दीड मिनिट झालं की पुढचा प्रश्न, हात शिवशिवला तरी.

पुढे तिची निवड झाली असं लिहिलं असतं तर गोष्ट छान झाली असती, पण नाही झाली, थोडक्यात राहिली. मात्र ह्या वेळेला ती रडत आली नाही, वही घेऊन आली आणि म्हणाली एवढ्याने राहिलं. आता एका पतसंस्थेत अकाउंट्स बघते, परीक्षेची जाहिरात आली तर देणार म्हणते.

हो, आणि तू वशिल्याचं लिहिलंयस. आपल्या राज्यात तो नाहीच असं मी कुठल्या तोंडाने सांगू, २०२४ च्या शेवटाला नोकरी देतो म्हणून लाखांनी पैसे घेतल्याच्या तक्रारी झाल्या, अटका झाल्या, सगळ्या पेपरांत येत होतं. तुझा राग खोटा नाही. पण वहीत तो रकाना वेगळा ठेव, 'माझ्या हातात नाही' असं वर लिहून, आणि काय घालायचं ते त्यात घाल. सगळं स्वतःवर घेणारा जसा अडकतो तसा सगळं त्या रकान्यात टाकणाराही अडकतो, त्याला फक्त झोप थोडी बरी लागते.

आता खरी गोष्ट, लाज. कारण तू परीक्षेने मोडलेला नाहीस, तू 'कितें रे, जालें तुजें काम?' ह्या प्रश्नाने मोडलायस. कदंब बसमध्ये कोणी भेटलं की तेच, देवळात तेच, पानाच्या गादीवर तेच. आपला गोवा एवढासा, लपायला जागा नाही.

माझंच सांगतो. १९९४ साल, आमच्या गावच्या काल्याचं (देवळातल्या उत्सवाचं) नाटक, ऐतिहासिक, ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे फोंड्याहून आणलेले, माझ्या डोक्याला मोठा झालेला जिरेटोप पुढे घसरायचा तो पिनांनी बसवलेला. मी सरदार. तीन महिने तालमी, सगळा पार्ट तोंडपाठ, तालमीत प्रॉम्प्टरची कधी गरजच लागली नव्हती. दुसऱ्या अंकात एंट्री घेतली, मुजरा केला, तोंड उघडलं आणि काही नाही. अक्षर नाही. विंगेत प्रॉम्प्टरच्या टॉर्चचे सेल नेमके बसलेले, तो पानं चाळतोय त्याचा आवाज मला ऐकू येत होता, फरफर फरफर. मांडवातून कोणीतरी ओरडलं, 'उलय मरे!' (बोल की रे!) आणि हशा. मग आमच्या पेटीवाल्याने पुढचं पद उचललं, गाणाऱ्याने सूर लावला आणि मी मुजरा करत करत मागे सरकलो. एक मिनिट असेल हे सगळं, मला रात्र वाटली.

त्यानंतर तीन वर्षं मी स्टेजवर गेलो नाही. पडदा ओढला, खुर्च्या लावल्या, चहा वाटला, पण पार्ट घेतला नाही. वाटायचं गावात सगळ्यांच्या तोंडी तेच असणार. पुढे कितीतरी वर्षांनी, हा अभ्यास शिकल्यावर, मी मुद्दाम पाच सहा जणांना विचारलं की त्या वर्षीचं नाटक आठवतं का. एकाला जनरेटर बंद पडलेला तो आठवत होता, एकीला नायिकेची साडी. माझा चुलतभाऊ तेवढा हसला, त्याला लख्ख आठवत होतं, पण तो चुलतभाऊच, त्याचं कामच ते. आणि पेटीवाल्याला पण आठवत होतं, पण कसं? 'त्या वर्षी मी पद उचललं म्हणून नाटक वाचलं.' माझी ती सगळ्यात वाईट रात्र त्याची मोठेपणाची होती!

ह्यावर पण प्रयोग झालाय, २००० साली छापला गेला, कॉलेजच्या पोरांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून खोलीत पाठवलं आणि विचारलं किती जणांनी बघितला असेल, त्यांना वाटलं जवळजवळ निम्म्यांनी, प्रत्यक्षात पाव लोकांनी पण नाही. पण मी तुला असं सांगणार नाही की कोणी बघतच नाही, आपल्याकडे बघतात, आणि विचारतात पण. फक्त विचारून झालं की विसरतात. विचारणाऱ्या काकाला तुझ्या उत्तरात पाच सेकंद इंटरेस्ट असतो, मग तो त्याच्या गुडघ्याकडे वळतो. ती पाच सेकंदं वाचवायला तू चवथ बुडवलीस.

थांबायचं कधी हे तू विचारलं नाहीस पण मी सांगतो, कारण चिकाटीचं कौतुक करणारे हे सांगत नाहीत. आजच कागदावर लिही, अजून किती वेळा देणार, कुठल्या वयापर्यंत, क्लासला जास्तीत जास्त किती पैसे. यादी लागल्यावर नाही ठरवायचं, तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं, आत्ता. आणि ती हद्द आली की सोडायचं. जे ध्येय हातात येणारं नाही ते सोडता येणं आणि दुसरं धरता येणं, हे ज्यांना जमतं त्यांची तब्येत, मन, दोन्ही जास्त बरं राहतं असं अभ्यासांत दिसलंय. सोडणं म्हणजे हरणं असं आमच्या पिढीने तुमच्या डोक्यात घातलं, ते चुकलं आमचं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे वाच. दोन आठवड्यांहून जास्त रोज झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, पूर्वी आवडायचं त्यातही मन लागत नसेल, किंवा जगून काय करायचं असले विचार एकदा जरी येत असतील, तर वही बिही बाजूला ठेव आणि माणसाशी बोल. १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालतो. बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार इस्पितळ आहे, तिथे ओपीडीत जाऊन केसपेपर काढायचा, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ताप दाखवायला जातो तसंच. तिथे गेलं म्हणजे वेडा ठरलो असं वाटत असेल तर तसं काही नाही, मी स्वतः माणसं घेऊन जातो.

आणि चवथ. यंदा जा. आदल्या दिवशीच जा, गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायला, कारण त्या दिवशी सगळ्यांना कामाचे हात पाहिजे असतात, चौकशा करायला कोणाला वेळ नसतो, तू शिडीवर चढून नारळ, सुपारीचे घड बांधत राहा. बाबांना शिडी धरायला सांग. जमलं तर तिथेच त्यांना सांगून टाक की मागच्या वर्षी शिफ्ट नव्हती. ते काही बोलणार नाहीत बहुतेक, शिडी धरून उभे राहतील, चालेल.

दुसऱ्या दिवशी काका विचारणारच. त्यासाठी वाक्य आत्ताच तयार ठेव, आरशासमोर दोनदा म्हण, आमच्या नाटकात म्हणतात तसं पार्ट बसला पाहिजे: 'यंदा एवढ्या मार्कांनी राहिलं काका, अजून एकदा देणार आहे. तुमचा गुडघा कसा आहे?' आकडा खरा सांग. त्यासाठी आधी वही काढून तो शोधावा लागेल, तिन्ही वेळचा. शोधलास की मला लिही.